डॅशबोर्डावरचं उपरं घड्याळ

३ नोव्हेंबर

बायकोने, म्हणजे प्रीतीने, आज ही डायरी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "रिटायर झाल्यापासून तुम्ही दिवसभर जे बोलत असता ना, ते यात लिहा. मला कुकर लावायचाय." उभी हयात एमआयडीसीतल्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला काढलेल्या माणसाची घरात ही किंमत. तिथे मी नुसती मान हलवली तरी अख्खा लॉट परत जायचा. इथे पोह्यांत मीठ जास्त झालं म्हटलं की उत्तर येतं, "उद्या तुम्ही करा."

पण लिहायला कारण आहे. आबांची गाडी. आबा म्हणजे माझे वडील. ठाण्यात कोपरीला त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे काय, एक पत्र्याची पाटी, स्वतः आबा आणि एकोणपन्नास सालची ही जुनी ऑस्टिन. आबा गेले, मग चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, आणि आई व गाडी दोघी डोंबिवलीला माझ्याकडे आल्या. आई घरात, गाडी सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली. सेक्रेटरी तिला 'बेवारस' म्हणतो. गाडीला.

वर्षभर खपून मी ती चालती केली. आता पुढच्या महिन्यात ठाण्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे आणि त्यात एक बक्षीस फक्त डॅशबोर्डासाठी आहे. कारखान्यातून निघाला तसाच्या तसा ज्याचा राहिला असेल त्याला. हे बक्षीस मला पाहिजे. जन्मभर दुसऱ्यांच्या मालाला सर्टिफिकेटं दिली, एकदा मलाही कोणीतरी द्यावं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं हो. मग मला एकदा त्या गाडीतून तलावपाळीला ने. संध्याकाळची." काचबिंदूने तिचे डोळे गेल्यात जमा आहेत. उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. तलाव काय दिसणार तिला कप्पाळ! पण म्हटलं, नेतो, प्रदर्शन झालं की.

५ नोव्हेंबर

आज डॅशबोर्डाचं रीतसर इन्स्पेक्शन केलं. मैलांचा स्पीडोमीटर मूळचा. पेट्रोलचा, तेलाच्या दाबाचा आणि बॅटरीचा काटा, तिन्ही मूळचे. चोकच्या आणि स्टार्टरच्या खुंट्यांवरची इंग्रजी अक्षरंसुद्धा शाबूत. गोऱ्या साहेबाने जे दिलं ते सगळं जागेवर आहे. वाट लावली ती आबांनी.

प्रत्येक खुंटीखाली पांढऱ्या ऑइलपेंटने मराठीत लिहिलंय. 'ओढा.' 'ढकला.' 'इथे हात नको.' अक्षरं जाडजूड, बोटाला लागतील अशी. स्पीडोमीटरच्या काचेवर वीस मैलांवर लाल रेघ. आणि सगळ्या पसाऱ्याच्या टोकाला, 'घाबरू नका.' जगात कुठल्या ऑस्टिनवर हे लिहिलेलं नसेल.

पण कळस म्हणजे घड्याळ. डॅशबोर्डाच्या मधोमध गोल खाच आहे, तिथे कंपनीचं घड्याळ असायला हवं. आबांनी तिथे किल्लीचं गजराचं घड्याळ बसवलंय! धडा अर्ध्या तासाचा, वेळ संपली की गजर. शिकाऊ माणूस दचकायचा आणि ब्रेकऐवजी भलतंच काहीतरी दाबायचा. कोपरीत एक विजेचा खांब होता, आबांचे झाडून सगळे विद्यार्थी त्याला भेटून आलेले. मूळ घड्याळ आबांनी कुठे उडवलं देव जाणे.

आबांनी निम्म्या ठाण्याला गाडी शिकवली, फक्त आईला शिकवू शकले नाहीत. शेवटचा धडा रोज आईचा असायचा, संध्याकाळी. दोन खोल्यांत आजी, काका, काकू, आम्ही भावंडं. सगळ्यांचा स्वयंपाक आईच्या गळ्यात. तो तसाच टाकून ही बाई गाडी शिकायला जायची. मी पहिलीत होतो तेव्हा शिकत होती, माझी दहावी झाली तरी शिकतच होती. परत आल्या आल्या आजी जिन्यातच विचारायची, "आली का हिला?" आबा चपला काढत म्हणायचे, "नाही जमत अजून. उद्या परत न्यावी लागेल." आई खाली मान घालून आत जायची, शरमेने असणार. पदराला भाजलेल्या शेंगांचा वास यायचा, म्हणजे धड्यात लक्षही नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

९ नोव्हेंबर

रविवार सत्कारणी लागला. थिनर आणि जुनं बनियन घेऊन आबांचं सगळं साहित्य पुसून काढलं. 'घाबरू नका' सगळ्यात चिवट. दोनदा घासावं लागलं.

प्रीती आईला हात धरून खाली घेऊन आली. आईने पुढच्या सीटवर बसून डॅशबोर्डावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत.

"गुळगुळीत झालं की रे सगळं."

"नव्यासारखं!" मी म्हटलं.

"ते 'घाबरू नका' पण गेलं?"

"ते तर आधी काढलं."

"हं," म्हणाली आणि बोट पदराला पुसलं. वास्तविक धुळीचा कण नव्हता. मग घड्याळाला कान लावून बसली, ते टिकटिकत होतं. किल्ली कोण देतं त्याला, विचारलं तर म्हणाली, "मीच. प्रीती आणते ना मला खाली." सासू-सुनेचे असले उद्योग चालतात आणि घरच्या माणसाला पत्ता नाही.

जेवताना आईच्या तुपाच्या भांड्याच्या झाकणाने पुन्हा माझं बोट कापलं. काळं, पत्र्याचं, मागे दोन कान आलेले, धारदार. झाकण म्हणून साफ रिजेक्ट. गेल्या दिवाळीत मी नवं स्टीलचं आणलं होतं. आईने त्यात चिंच ठेवलीय.

१६ नोव्हेंबर

विठ्ठलवाडीला जाऊन आलो. स्टेशनजवळ दौलत म्हणून जुन्या पार्ट्सचा व्यापारी आहे. दुकानात पाय ठेवायला जागा नाही आणि दौलतच्या तोंडाला विश्रांती नाही. मूळ घड्याळ पाहिजे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू गेली कित्येक वर्षं तो माझीच वाट बघत बसलाय.

"साहेब, नशीबवान आहात. एकच पीस आहे. विलायतेचा."

कपाटातून गोल घड्याळ काढलं. आकडे हिरवे, काच जाड, मागे दोन वायरी. डायलखाली 'मेड इन' एवढंच वाचता येतं, पुढचं झिजलेलं. "इतकं जुनं आहे म्हणून झिजलंय," दौलत म्हणाला. पटण्यासारखं होतं.

आबांचं घड्याळ मी सोबत नेलं होतं. दौलतने ते कानाशी हलवून बघितलं. "ये डब्बा कौन लेगा साहेब? चला, तुमच्यासाठी ठेवून घेतो." सौद्यात ते त्याला देऊन टाकलं. घरात कचरा नको.

रात्री आईने विचारलं, "घड्याळ आणलंस परत?" मी म्हटलं, "त्याच्यापेक्षा भारी आणलंय." तिने पाठ फिरवून पांघरूण घेतलं. आनंदच झाला असणार.

२३ नोव्हेंबर

आज अनिमेष येऊन गेला. डॅशबोर्डाच्या बक्षिसाचा परीक्षक. घोडबंदर रोडला विसाव्या मजल्यावर राहतो, आयटीत आहे, आणि जुन्या गाड्यांचं सगळं ज्ञान त्याच्या फोनमध्ये आहे. आधी बघून ठेवतो म्हणाला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

काट्यांवर खूश झाला. मग घड्याळापाशी थांबला.

"काका, हे ट्रकचं आहे."

"विलायतेचं आहे."

"विलायतेच्या ट्रकचं असेल." मग त्याने डॅशबोर्डाखाली डोकं घातलं, टॉर्च मारला आणि बाहेर येऊन म्हणाला, "तुमच्या गाडीला घड्याळ कधी नव्हतंच काका. वायरच आलेली नाही इथपर्यंत. घड्याळ वेगळे पैसे भरून घ्यावं लागायचं. ज्यांनी नाही घेतलं त्यांच्या गाडीत त्या खाचेत नुसती कोरी चकती." फोनवर फोटो दाखवला. काळी पत्र्याची चकती, वर बारीक गोल गोल रेघा. मागे दोन कान, ते मुडपून खाचेत अडकवायचे. "चकती मिळाली तर बक्षीस तुमचंच. पण मिळणार नाही. लोक फेकून देतात."

म्हणजे ज्या घड्याळासाठी मी जंग जंग पछाडलं ते मुळात नव्हतंच. मूळ काय होतं, तर काही नव्हतं. आणि ते 'काही नाही' आता जगात कुठे मिळत नाही. हसावं की रडावं!

२४ नोव्हेंबर

वरणभात. आईने तूप वाढायला झाकण काढून ताटाशेजारी उपडं ठेवलं.

काळा पत्रा. दोन कान.

मी घास तसाच ठेवून झाकण उलटं केलं. गोल गोल रेघा, तुपाने माखलेल्या.

"आई, हे झाकण कुठून आलं?"

"ते? गाडीतलं. तुझ्या आबांनी घड्याळ बसवलं ना, तेव्हा निघालं. म्हणाले, घे तुला तुपाला. मापात बसलं अगदी."

प्रीती इतकी हसली की तिला ठसका लागला. "अहो, काखेत कळसा आणि विठ्ठलवाडीला वळसा!" आयुष्यभर मी ज्या मालाला रिजेक्ट केलं तोच आमच्या घरातला एकमेव ओरिजिनल निघाला. झाकण धुतलं, पुसलं, खाचेत बसवलं. कट्ट आवाज करून बसलं. डॅशबोर्ड आता शंभर टक्के.

भांड्यावर चिंच काढून ते स्टीलचं ठेवलं. सैल बसतं, पण तूप काही तक्रार करत नाही.

३० नोव्हेंबर

आज ट्रायल. प्रदर्शन पुढच्या रविवारी आहे. म्हटलं, आईलाही बसवू, घरडा सर्कलपर्यंत एक फेरी होईल.

आई खुशीत होती. ठेवणीतलं पातळ नेसली होती, प्रीतीकडून पावडर लावून घेतली होती. गेटमधून निघताना पहिला गिअर करकरला तशी म्हणाली, "पूर्ण थांबू दे, मग टाक. ओरडतेय ती." म्हटलं, बरं. पुढच्या वळणावर, "क्लच सोडायची घाई करतोस." इतकी वर्षं शिकून जिला लायसन मिळालं नाही ती मला शिकवतेय. मी दुर्लक्ष केलं.

सर्कलपाशी गाडी जरा बाजूला घेतली. इंजिन चालू, मांजरासारखं गुरगुरत होतं. आईने डॅशबोर्डाकडे हात नेला, मधोमध, चकतीवर. तिथेच ठेवला.

"बंद पडली का रे गाडी?"

"नाही गं. इंजिन चालू आहे, ऐकू येत नाहीये का?"

"इंजिन नाही म्हणत मी."

मग हात मागे घेत म्हणाली, "चल घरी. माझं झालं."

अजून काहीच झालं नव्हतं. वळवून आणली गाडी. येताना गिअर दोनदा करकरला, तेव्हा तिने काही दुरुस्ती सांगितली नाही.

२ डिसेंबर

आई बोलत नाही. रागावली म्हणावं तर तसंही नाही. जेवते, औषध घेते, खिडकीशी बसते. तलावपाळीचं नाव काढलं तर म्हणाली, "राहू दे. आता काय दिसतंय मला?" हे मीच म्हणालो होतो, मनातल्या मनात. तिच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं नाही.

प्रीतीने आज मला स्वयंपाकघरात गाठलं. "त्या अख्ख्या गाडीत त्यांना एकच गोष्ट हवी होती. तेवढीच नेमकी तुम्ही देऊन आलात."

"ते मूळचं नव्हतं."

"कोणाचं मूळचं?"

मी पोह्यांबद्दल बोललो. पण वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण बोलणार नाही.

४ डिसेंबर

पुन्हा विठ्ठलवाडी. दौलतच्या गल्ल्यामागे खिळ्याला आबांचं घड्याळ टांगलेलं, टिकटिक चालू. दुपारच्या जेवणाचा गजर लावतो म्हणे.

"ते परत पाहिजे."

"साहेब, ये तो अँटिक है."

"अहो, तुम्हीच डबा म्हणाला होतात!"

"वो तब था." आणि हसला. ट्रकचं घड्याळ परत देतो म्हटलं तर हात मागे घेतला. पैसे देतो म्हटलं तर कान खाजवला. मग त्याला माझ्या पिशवीतलं काहीतरी दिसलं.

चकती मी काढून नेली होती. का नेली, ते मला विचारू नये. बसमध्ये स्वतःला सांगत होतो की खाचेचं माप दाखवायला.

दौलतने चकती उजेडात धरली आणि पहिल्यांदाच गप्प झाला. मग म्हणाला, "पुण्याची एक पार्टी वर्षभर हेच मागतेय. ये दे दो, घड्याळ ले जाओ." नाकाशी नेऊन म्हणाला, "साहेब, याला तुपाचा वास का येतोय?"

"मूळचा आहे," मी म्हटलं.

येताना घड्याळ मांडीवर होतं. शेजारचा माणूस सारखा बघत होता, त्याला बॉम्ब वाटला असेल. घरी येऊन प्रीतीला म्हटलं, दौलतने फसवलं मला. तिने काही न विचारता चहात आलं घातलं. एरवी मागूनही घालत नाही.

७ डिसेंबर

आज प्रदर्शन. प्रीतीने आईला सोबत पाठवलंच. घड्याळ खाचेत बसवलंय हे मी तिला सांगितलं नव्हतं. गाडीत बसली, दार लावलं, आणि मान किंचित वाकडी करून ऐकत राहिली. मग डोळे पुसले. विचारलं तर म्हणाली, "वारा लागला." काचा बंद होत्या.

ठाण्याच्या मैदानात गाड्यांच्या रांगा आणि गाड्यांपेक्षा जास्त सेल्फी. अनिमेष क्लिपबोर्ड घेऊन आला, डॅशबोर्डात डोकावला आणि कळवळला. "काका! चकती?"

"दिली."

"कोणाला?"

"गरजूला."

त्याने शेरा लिहिला, 'घड्याळ उपरं.' बक्षीस एका डॉक्टरांच्या गाडीला गेलं. डॅशबोर्ड इतका चकचकीत की त्यात परीक्षकाचा चेहरा दिसत होता, परीक्षकाला आवडला. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी लागलं. थोडं लागलं.

परतताना गाडी तलावपाळीकडे घेतली. संध्याकाळ झालेली, भेळवाले, शेंगवाले, फिरायला आलेली माणसं. एका कडेला थांबवली आणि म्हटलं, आता सगळं साग्रसंगीत होऊ दे. घड्याळाला अर्ध्या तासाचा गजर लावायला घेतला.

"गजर नको लावू," आई म्हणाली.

"अगं, आबा लावायचे."

"बाकीच्यांना. माझ्या धड्याला नाही लावायचे."

"का?"

"अरे, गजर झाला की धडा संपतो."

मी घड्याळावरून हात काढला. मग ती म्हणाली, "मला स्टिअरिंगवर बसव. आणि तू जरा उतर." विषाची परीक्षा नको म्हणून इंजिन बंद करून किल्ली खिशात घातली, तिला उजव्या सीटवर बसवलं आणि कठड्याशी जाऊन उभा राहिलो. शेंगांची पुडी घेतली. भाजलेल्या, गरम.

तिथून सगळं दिसत होतं. आईने आधी आरसा चाचपला, तिला ज्यात काही दिसत नाही तो. मग पाय दाबून पहिला गिअर टाकला. मग दुसरा. तिसरा. चौथा. परत खाली तिसरा, दुसरा, आणि पूर्ण थांबून पहिला. हात न अडखळता, खाली न बघता. मधूनच डावीकडच्या रिकाम्या सीटकडे तोंड करून काहीतरी म्हणाली आणि हसली. मी जन्मभर माणसांच्या हाताखालून मशिनं जाताना बघितलीत. ह्या हाताला नापास करायला मला एक कारण सापडलं नाही. लायसनच्या परीक्षेला ही बाई पहिल्या महिन्यात पास झाली असती.

दोन खोल्या आणि त्यात आजी, काका, काकू, आम्ही.

पुडी हातातच राहिली. बऱ्याच वेळाने तिने हाक मारली तेव्हा जाऊन दार उघडलं, पुडी तिच्या ओंजळीत दिली. तिने वास घेतला आणि एक शेंग फोडली.

"झालं का आई?"

"छे रे. नाही जमत अजून," ती म्हणाली. "उद्या परत आणशील?"

घरी पोचलो तेव्हा प्रीती दारातच उभी. "काय हो, बक्षीस नाही ते कळलं मला. पण त्यांची तलावपाळी झाली ना एकदाची?"

आई माझ्या हाताला धरून खाली मान घालून आत गेली. मी चपला काढत म्हटलं, "कसली होतेय! नाही जमत अजून हिला. उद्या परत न्यावी लागेल."